उंदीर लई झालेत

लग्न होऊन मी अवसरी खुर्दच्या शिवारातल्या घरात आले तेव्हा नवरा भोसरीला कंपनीत होता आणि मी इथं सासू-सासऱ्यांजवळ. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा-बायकोनं मोठ्यांसमोर बोलत बसायची आमच्याकडं पद्धत नव्हती. "अहो, पाणी ठेवलंय," एवढं चालायचं. त्यापुढं गेलं की सासू खाकरायची.

फोन होता वाण्याच्या दुकानात. तिथं बाकावर गावातली रिकामटेकडी माणसं बसलेली, सगळ्यांचे कान माझ्याकडं. अशा ठिकाणी "करमत नाही, या," असं कोण म्हणणार? माझी तर जीभच रेटायची नाही. एकदा काय बोलावं सुचेना, म्हणून बोलून गेले, "उंदीर लई झालेत." खोटं नव्हतं ते. मागच्या खोलीत बटाट्याच्या गोण्या, शेंगांचं पोतं, उंदरांची नुसती चंगळ चालली होती. तिकडून हे म्हणाले, "बरं. शनिवारी येतो, बिळं बुजवतो."

आले की. पिशवीत सिमेंट घेऊन आले. मग मला वाटच सापडली. जीव कासावीस झाला की दुकानात जायचं आणि उंदीर झालेत म्हणून सांगायचं. सासू काही दूधखुळी नव्हती. चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता म्हणायची, "आपल्या घरचं उंदीर लई शानं. बरोबर शनिवार गाठत्यात." मी तोंडाला पदर लावून बाहेर पळायची.

रविवारी सकाळी काम सुरू. मागच्या खोलीची भिंत माती-विटांची, दर मोसमाला कुठं ना कुठं उकलायची. मी दार-खिडकी लावून आत अंधारात बसायची. अंधारात बसलं की बाहेरचा उजेड जिथून आत येतो ती फट लगेच कळते. तिथून मी खराट्याची काडी बाहेर सारायची. ते बाहेरून भिंतीच्या कडेनं यायचे आणि काडी दिसली की तिथं टेकायचे. मातीत काचांचा चुरा कालवून तो भोकात ठासायचा, म्हणजे उंदीर परत पोखरत नाही, आणि त्यावर सिमेंट. मोरीच्या पाइपाला जाळी आणि दाराखाली पत्र्याची पट्टी मारायची, तेही आम्हीच केलं.

पण काडी दिसली म्हणून ते लगेच बुजवायला घेत नसत. उकिडवे बसून बोलत राहायचे. घरात मान वर न करणारा माणूस तिथं भडाभडा बोलायचा. मेसच्या आमटीला नावं ठेवायचे, सुपरवायझरची नक्कल करायचे, मी काय जेवले ते विचारायचे. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायचं. अंगणातून सासरे ओरडायचे, "आरं, एका बिळाला किती येळ?"

"लई खोल हाय, दादा," हे म्हणायचे.

मी त्यांना त्यांच्या खोलीबद्दल विचारायची. खिडकी आहे का, पाणी वर येतं का. ते म्हणाले, वरच्या मजल्यावर आहे, खिडकी हमरस्त्याकडं, आणि खोलीतला जोडीदार गेला की तुला नेतो. झालं. मी मनानं तिथं राहायलाच गेले. भाकरी थापताना स्टो कुठं ठेवायचा ते ठरवायची, निंदताना कपड्यांची दोरी बांधायची. कामावरून येताना ते खिडकीतून लांबूनच दिसतील, मग मी चहा टाकेन, आणि दोघं मोठ्यानं बोलत बसू. मला सोनं नको होतं, साड्या नको होत्या. ती खोली पाहिजे होती.

त्या साली बटाटा काढून झाला आणि आम्ही परत भिंतीपाशी बसलो. जोडीदार खोली सोडून गेल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मी काडी सारली आणि विचारलं, "मग मला कधी न्यायचं?"

बाहेर नुसता थापीचा आवाज. मग म्हणाले, "दादा न्हाई म्हनलं. आईचं गुडघं धरल्यात, रानात मानूस न्हाई. तू हितंच ऱ्हा."

मी थांबले. अजून काही म्हणतील असं वाटलं. 'मी भांडलो गं त्यांच्याशी,' एवढं तरी. त्यांनी काडी ओढून घेतली आणि भोक बुजवलं. मला असा राग आला म्हणता, एवढी गोष्ट सांगायला मध्ये भिंत घेतली या माणसानं. तणतणत बाहेर आले तर हे हौदावर पाठमोरे उभे. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होते. मग मी चहा ठेवला.

त्यानंतर मी उंदरांचा फोन कधी केला नाही. ते यायचे, जायचे. मुलं झाली, सासू-सासऱ्यांचं सगळं झालं. पुढं कंपनी बंद पडली आणि ते कायमचे घरी आले. आता दिवसभर समोर असतात. माणूस चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण वयात असताना दोघांनीच राहायचं ते राहून गेलं, आणि त्याची हुरहुर अजून जात नाही.

एकदा पुण्याला नात्यातलं लग्न होतं. मंचरहून एसटीत बसलो, हे खिडकीशी, मी अलीकडं. भोसरीत हे एकदम ताठ बसले आणि माझा हात धरून म्हणाले, "ती बघ, वरची. माझी खोली." मी त्यांच्या अंगावरून वाकले. मध्ये ट्रक आडवा आला, तो सरकेपर्यंत गाडी पुढं गेली होती.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. "चांगली व्हती."