वैशालीचा प्रोग्राम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझं काहीच लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका, एवढंच.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होतो. जुईनगरला नवाकोरा फ्लॅट, अंगात रग, आणि आपलाही पेपर छापून यावा ही हौस. विषय घेतला कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ट्रकचा — कुठला माल कुठल्या क्रमाने पोचवला तर कमीत कमी फेरा पडेल? सगळ्या शक्यता तपासायच्या तर जन्म पुरायचा नाही. म्हणून कॉम्प्युटरला चाचपडत उत्तर शोधायला लावायचं. आधी बेधडक उड्या, मग सावध पावलं. तापलेलं लोखंड सावकाश थंड होऊ देतात तसं. यात एक गंमत असते. प्रोग्राम दर वेळी नव्या जागेवरून सुरू होतो, म्हणून उत्तरही दर वेळी वेगळं. कधी झकास, कधी भिकार. त्यामुळे तो पुष्कळदा चालवायचा आणि सरासरी छापायची, असा रिवाज.

आणि मी — नाही, थांबा. आधी वैशालीबद्दल सांगू द्या.

वैशाली दिघ्याची. वडील तिथल्याच एका कंपनीत फिटर. आमच्याकडे एम.ई. करत होती, घरात इतकं शिकणारी ती पहिलीच. डबा उघडला की शेंगदाण्याची चटणी आधी माझ्यापुढे सरकवायची. माझा पेपर छापून आला तेव्हा माझ्यापेक्षा जास्त आनंद तिलाच झाला. प्रोजेक्टला तिने माझीच पद्धत घेतली, आणखी सुधारायची म्हणून. फार लाडकी होती माझी. आज हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

सुधारणा राहिली बाजूला, तिला माझं उत्तरच येईना.

"सर, माजंच कायतरी चुकतंय. तुमी बघा ना एकदा," म्हणत ती प्रिंटआउटची चळत घेऊन आली. मी ओळ न् ओळ वाचली. एकही चूक नव्हती. माझ्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी नेटका होता तो.

आणि मी म्हणालो, "पुन्हा एकदा तपास."

कारण पेपरात मी सरासरी छापलीच नव्हती. कधीतरी एकदा नशिबाने लागलेलं उत्तर उचललं होतं — आणि तेच सरासरी म्हणून ठोकून दिलं होतं. मलासुद्धा ते पुन्हा मिळालं नव्हतं. तिला कुठून मिळणार?

ती तपासत राहिली, महिनोन्महिने. डोळ्यांखाली काळं आलं. मी तिला कँटीनमध्ये चहा पाजायचो, धीर द्यायचो — मायेनेच हो, त्यात खोट नव्हती. एक वाक्य बोललो असतो तर पोरगी सुटली असती. पण मग माझा पेपर? माझं नाव? तेवढं वाक्य सोडून मी सगळं बोललो. शेवटी तिने एम.ई. सोडलं. निघताना माझ्या पाया पडली.

मध्यंतरी वाशीला भाजी घेताना भेटली. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. मला बघून केवढी फुलली!

"हे माजे सर," तिने मुलीला सांगितलं. "लई जीव लावला यांनी. मलाच जमलं नाय गं, तेवढं डोकंच नव्हतं मला."

मी हसलो. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवी उचलून घरी आलो.

तुझा प्रोग्राम बरोबर होता, वैशाली. पहिल्या दिवसापासून.