आईची जपानी पाकिटं

आमच्या दादाला पोस्टाची तिकिटं जमवायचा शौक आहे. शौक म्हटलं की त्याला राग येतो, संग्रह म्हणायचं. रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, हा भिंग घेऊन बसतो. घरात सिलिंडर संपला तरी ह्याला खबर नसते.

परदेशातून टपाल यावं असं आमच्याकडे काही नव्हतं. नात्यातलं कुणी पुण्याच्या पलीकडे गेलेलं नाही. पण एका दसऱ्याला, दीक्षाभूमीजवळच्या आमच्या वस्तीच्या जेवणाच्या स्टॉलपाशी एक जपानी बाई चक्कर येऊन खालीच बसली. आईनं तिला ऑटोत घालून सरळ घरी आणलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पिठलं-भाकर खाऊ घातली आणि कूलरसमोर झोपवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी संध्याकाळपर्यंत गप्पा अशा रंगल्या की मला मधे तोंड घालायला जागा नाही. जाताना बाईनं आमचा पत्ता मागितला. मी लिहून दिला आणि विसरले.

पुढच्या वर्षी पाकीट आलं. जाडजूड, मलईच्या रंगाचं, त्यावर पक्ष्याचं तिकीट. शेजारच्या काकूंनी आधी चौकशी केली, कुणावर केसबिस झाली का म्हणून. आत हातानं रंगवलेल्या फुलाचं कार्ड आणि इंग्रजीत दोन ओळी: आई कशी आहे, पिठलं आठवतं. मग दरवर्षी पाकीट येत राहिलं. आई ती सगळी लुगड्यांच्या घडीत ठेवायची. पाहुणा आला की चहाच्या आधी पाकिटं यायची.

दादाला हे बघवेना. तिकिटं अशी ठेवणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं त्यानं आम्हाला ऐकवलं. गेल्या वर्षीचं पाकीट आल्यावर एका रविवारी आई धंतोलीच्या दवाखान्यात मावशीला बघायला गेली आणि साहेबांनी शास्त्रोक्त काम काढलं. पाकिटांचे कोपरे कापले, कोमट पाण्यात भिजवले, सुटलेली तिकिटं टीपकागदात वाळवली, चिमट्यानं उचलून अल्बममध्ये बसवली. प्रत्येकाखाली पक्ष्याचं नाव. उरलेला कागद रद्दीत. भिजवायला माझी भाकरीची परात घेतली होती, ते वेगळंच.

आईला अल्बम आवडला. खोटं कशाला बोलू, दिसतही सुरेख होता. पाकिटं दादानं कुठेतरी नीट ठेवली असतील, असंच ती समजली.

यंदा शहराबाहेर बेसाकडे फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि हे घर विकायला काढलं. दादाचाच हट्ट. लिफ्ट पाहिजे, पार्किंग पाहिजे, आणि हो, संग्रहासाठी काचेचं कपाट पाहिजे. सामान बांधायला घेतलं तेव्हा आई म्हणाली, आधी जपानला नवा पत्ता कळव, नाहीतर तिचं पाकीट कुठं येईल. मी पेन घेऊन बसले. दादानं मोठ्या रुबाबात अल्बम पुढे ठेवला. मी म्हटलं, तिचा पत्ता दे. मग कुठे त्याचा चेहरा उतरला. बाई आपला पत्ता पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहायची, आणि पाकिटं रद्दीवाल्यानं केव्हाच नेली होती. आतल्या कार्डांवर नुसतं नाव, आडनावही नाही.

तरी माणूस हार मानेल तर शपथ. भिंग काढून शिक्क्यावरून गाव शोधायला बसला. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा रद्दीत गेलेला. मला इतका संताप आला की तो अल्बम त्याच परातीत बुडवावा असं वाटलं. वर तो आईलाच समजावून राहिला होता, की ही तिकिटं आता किती दुर्मीळ आहेत.

आईनं अल्बमवर हात ठेवला.

"काहून गा," ती त्याला म्हणाली, "तुले तिकिटंच पाह्यजे होती तं मले सांगाचं होतं. तिले लिवून मागवली असती."

आई उठली, बांधलेलं गाठोडं सोडलं आणि एकेक लुगडं परत कपाटात रचू लागली. मी विचारलं, हे काय करून राहिली.

"तुमी जा खुशाल," ती म्हणाली. "मी नाई येत. तिच्यापाशी याच घराचा पत्ता हाय."