लिस्बनला खायचं काय काय

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे नाकावर माशी बसू देणार नाहीत. मी त्यांना ताई म्हणते, पण लग्न होऊन आले तेव्हा मनातल्या मनात फौजदारच म्हणायचे. एका ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर कॅन्टीन आहे, ते त्या चालवतात आणि मी त्यांच्या हाताखाली. म्हणजे अगदी शब्दशः. त्यांनी मागे हात केला की त्या हातात डाव, झारा, मीठ, जे लागेल ते मी ठेवायचं. चुकीचं ठेवलं तर मान न वळवता म्हणणार, "डोळे घरी ठेवून आलीस का गं?"

पण चवीच्या बाबतीत बाईला मानलं पाहिजे. एक घास तोंडात टाकला की फोडणीत काय आधी पडलं आणि काय मागून पडलं, सगळं सांगून मोकळ्या. आणि तोंडदेखलं कौतुक? नाव काढू नका. माझ्या आईने हौसेने केलेला केक खाल्ला आणि आईच्याच तोंडावर विचारलं, "अंडी जुनी होती का हो?" आई आजही त्यांच्यासमोर काही करायचं म्हटलं की घाबरते. मी मात्र घाबरत नाही. मी भांडते. घरोघरी मातीच्या चुली, आमच्याकडे तर गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या, मग भडका जरा मोठाच उडायचा.

तर या ताईंची एकुलती एक लेक, आमची चिमणी. नाव चिमणी, पण उंचीने माझ्या डोक्यावरून बघते. ती युरोपात एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. दोन वर्षं झाली, घरी येणं काही जमलं नाही. एका रविवारी फोनवर तिचा चेहरा आला तो आनंदाने फुललेला.

"आई, काकू, मला रजा मिळाली. तुम्ही दोघी लिस्बनला या, मीही तिकडेच येते. चार दिवस नुसतं भटकायचं आणि खायचं!"

"आणि मी?" भाऊजींनी पेपराच्या आडून विचारलं.

"बाबा, तुम्ही विमानात बसणार?"

"त्यापेक्षा मला घरी उपाशी ठेवा," असं म्हणून भाऊजी पुन्हा पेपरात शिरले. या माणसापुढे दगड शिजवून ठेवला तरी बातम्या वाचत वाचत खातील, वर पाणी पितील.

मग काय, दर रविवारी डब्याला फोन टेकवून आमची सभा भरायला लागली. मी तर हरखूनच गेले होते. भाजी निवडता निवडता लिस्बनचे व्हिडिओ बघायचे. शहर सगळं टेकड्यांवर. जिकडे बघावं तिकडे चढ आणि पायऱ्या.

"अगं, माझ्या गुडघ्यांनी लिस्बनचं काय वाईट केलंय?" मी विचारलं.

"काकू, पिवळी ट्राम आहे ना! ती चढते, तू बसून राहा."

नदीकाठी एक संध्याकाळ, निळ्या फरशांच्या भिंती बघायला एक सकाळ, असं सगळं ठरलं. पण चिमणीचा खरा जीव खाण्यात. निखाऱ्यावर भाजलेले मासे कुठे खायचे, हिरव्या पाल्याचं सूप कुठे, आणि ती अंड्याच्या पिवळ्या बलकाची छोटी छोटी टार्ट, वर दालचिनी भुरभुरलेली, ती गरम गरम कोणत्या दुकानात. मी मधेमधे बोलत होते. ताई मात्र मूग गिळून बसलेल्या.

"आई, तुला काय खायचंय?"

"काहीही चालेल गं."

काहीही चालेल! जन्मात कधी हे शब्द त्या बाईच्या तोंडून निघाले नव्हते. आठवडाभराने तर म्हणाल्या, "तुम्ही दोघीच जा. कॅन्टीन कोण बघणार?" मला वाटलं, विमानाला घाबरल्या. मी मनातून हसलेही. म्हटलं, फौजदार घाबरला.

तेव्हा मला एक अवदसा आठवली. म्हटलं, तिकडे जाऊन पहिल्यांदाच टार्ट खाणार, तर आपल्याला त्यातलं कळणार काय? एक रंगीत तालीम इथेच करावी. कॅन्टीन बंद झाल्यावर ओव्हन लावला. व्हिडिओ बघत पीठ मळलं, दूध आटवलं, बलक फेटले. रंग काय सुरेख आला होता! वर काळपट ठिपकेसुद्धा आले. छाती फुगवून मी बशी ताईंपुढे ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आता काय ऐकावं लागतंय देव जाणे.

त्यांनी एक खाल्लं. सगळं. हळूहळू, शेवटचा तुकडासुद्धा.

"छान झालंय," म्हणाल्या. "साखर अगदी बेताची पडलीय."

अहो, मी तर तरंगायलाच लागले! इतक्या वर्षांत पहिलं कौतुक. घाईघाईने एक मीही तोंडात घातलं आणि तशीच बेसिनकडे पळाले. थू थू थू! मीठ. नुसतं मीठ. साखरेचा आणि मिठाचा डबा मी शेजारी शेजारी ठेवला होता आणि उचलला तो नको तो.

चूळ भरून मागे वळले. आधी वाटलं, बाई आपली थट्टा करतेय. पण ताई टेबलाची कड धरून बसल्या होत्या आणि मला विचारत होत्या, "का गं? काय झालं? काय पडलं त्यात?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी जवळ जाऊन बसले. "ताई, कधीपासून?"

त्यांनी बशी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "तो ताप आला होता ना, तेव्हापासून. वासही नाही आणि चवही नाही. चहा म्हणजे गरम पाणी. डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, येईल कदाचित, नाहीतर नाही येणार."

"आणि इतके महिने स्वयंपाक?"

"हाताला सवय आहे. आणि तू चाखतेस की."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेले कित्येक महिने ताई प्रत्येक पातेल्याशी मला बोलवायच्या, "चाखून बघ गं." मला वाटायचं, अखेर माझ्या जिभेची कदर झाली! नवऱ्यालाही मिरवून सांगितलं होतं. राग आला, रडू आलं, काय आलं कळेना.

"चिमणीला सांगा," मी म्हणाले.

"खबरदार!" त्यांचा आवाज एकदम जुना झाला, फौजदाराचा. मग खाली आला. "ती लहान होती तेव्हा बाहेर जेवायला गेलो की आमचा एक खेळ असायचा. एक घास घ्यायचा, डोळे मिटायचे, यात काय काय घातलंय ते ओळखायचं. दर वेळी मीच जिंकायचे. लिस्बन तिने त्याच्यासाठीच निवडलंय. म्हणाली, आई, तिथलं तू कधीच काही खाल्लं नाहीस, आता बघू कोण जिंकतं ते. काय सांगू तिला? पोर एवढी आशेने बोलावतेय, आणि तिची आई तिथे लाकडासारखी बसणार? त्यापेक्षा नाहीच गेलेलं बरं. गुडघे दुखतात म्हणून सांगते. आणि तू तोंड उघडलंस तर याद राख."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. तरी त्या रविवारी मी दातांवर दात ठेवून फोनसमोर बसले. चिमणी म्हणाली, आज तिकिटं काढून टाकू.

"चिमणे, मला नाही गं जमणार," ताई म्हणाल्या. "गुडघे फार दुखतात. काकूला घेऊन जा."

दिवसभर शेगडीपुढे उभी राहणारी बाई! चिमणीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मग राहू दे लिस्बन," ती म्हणाली. चिडली नाही, ते जास्त वाईट होतं. "काकू, तू रागावू नकोस. पण आई नसेल तर मी त्या गावात काय करू? इथे रोज एकटीच जेवते मी. भिंतीला लागून एक छोटं टेबल आहे, तिथे बसते आणि पटकन उरकते. मला एकदा कुणाबरोबर तरी सावकाश जेवायचं होतं, एवढंच."

शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. पण मला बोलावं लागलं नाही. ताईंनी फोन उचलून हातात घेतला.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही. माझी चव गेलीय, चिमणे. तापापासून गेली. काही म्हणजे काही कळत नाही मला. मी ओळखू शकणार नाही काही."

चिमणी रडली आणि रडता रडता भांडायलाही लागली. मला का नाही सांगितलंस, मी काय परकी आहे का, हॉस्पिटलात काम करणारी मुलगी कशाला जन्माला घातलीस. आईचीच मुलगी ती! ताईंनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलल्या नाहीत.

शेवटी चिमणीने नाक पुसत विचारलं, "मग कॅन्टीन कसं चालवतेस तू?"

"काकू चाखते. पण तिला मेलीला सगळंच तिखट हवं असतं, तिच्यावर काय भरवसा? म्हणून वाढून झालं की मी बाहेर येऊन उभी राहते आणि जेवणाऱ्यांची तोंडं बघते. पहिल्या घासालाच कळतं, जमलंय की बिघडलंय."

चिमणी डोळे पुसत ऐकत होती.

"तू यादीतली ती दुकानं काही गाळू नकोस," ताई म्हणाल्या. "सगळीकडे जाऊ. तू खा. मी बघते. इतके महिने परक्या लोकांची तोंडं बघतेय, तुझं बघून दोन वर्षं झाली."

मी भाजीची परात ओढून घेतली आणि मान खाली घालून निवडायला लागले. भाऊजींचा पेपर केव्हाचा खाली आला होता.

फोनमधून चिमणीचा आवाज आला.

"बरं. मग सगळीकडे समोरासमोरचं टेबल मागते."