खिल्लारे सरांचा थांबा क्रमांक एक

किस्से कुणी मुद्दाम जमवीत नाही. एका खोलीत सहा प्राध्यापक, एक पंखा आणि दोन तासांमधली रिकामी पंधरा मिनिटे असली की ते आपसूक साठत जातात. सत्तरच्या दशकात हिंगोलीच्या आमच्या महाविद्यालयातले निम्मे किस्से एकट्या खिल्लारे सरांचे होते. ते भूगोल शिकवीत, मी संस्कृत. शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर समजला जाई. तेव्हा पदरचे काही घालणार नाही. तशी गरजही सरांनी कधी ठेवली नाही.

सरांचे म्हणणे एकच होते: हिंगोलीत ट्राम हवी. रेल्वे स्थानकापासून निघून, बाजारातून आणि बसस्थानकावरून, थेट गावाबाहेरच्या आमच्या महाविद्यालयापर्यंत.

प्राचार्य हसले. ट्राम म्हणजे महानगरांचे काम. फार तर एखाद्या विद्यापीठाच्या गावाला शोभेल. हिंगोली तर अजून परभणी जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठिकाण.

"विद्यापीठ आल्यावर ट्राम येत नसते, सर," खिल्लारे म्हणाले. "ट्राम आल्यावर विद्यापीठ येतं. पोरं पोचलीच न्हाईत तर शिकवायचं कोणाला?"

*

हा प्रश्न हवेतला नव्हता. पुसेगावची सुशीला आमच्याकडे शिकत होती. तिकडून येणारी सकाळची बस महाविद्यालयाच्या फाटकासमोरूनच जाई. पण तिथे थांबा नव्हता. ती कोसभर पुढे, गावात उतरे आणि तेवढीच वाट उलट चालत येई. तोवर पहिला तास सुरू झालेला असे.

तो तास माझा. हजेरी मी आरंभी घेई आणि एकदा घेतल्यावर वही पुन्हा उघडत नसे. श्लोकाचा अन्वय वर्गात तिच्यासारखा कुणाला साधत नव्हता, आणि गैरहजेऱ्याही तिच्याइतक्या कुणाच्या नव्हत्या. हजेरी अपुरी पडली तर परीक्षेचा अर्ज जाणार नव्हता. दिवाळीनंतर हे स्पष्ट दिसू लागले.

मी खिल्लारे सरांना नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"शास्त्रीबुवा, तुमचा नियम बराबर आहे," ते म्हणाले. "चूक रस्त्याची आहे."

थांबा मिळावा म्हणून एस.टी.कडे अर्ज आधीच झाला होता. उत्तर आले होते की, त्या ठिकाणी प्रवासी उभे असल्याचे आढळून येत नाही. जिथे बस थांबत नाही तिथे प्रवासी का उभा राहील, याचा खुलासा उत्तरात नव्हता. सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बसची मनधरणी करावी लागते, असे त्यांचे मत झाले. रूळ एकदा घातला की तो मन बदलत नाही.

*

मग सरांनी प्रवासी मोजायला घेतले. आठवडी बाजाराच्या दिवशी ते विद्यार्थ्यांसह फाटकापाशी बसले. पायी जाणारे, सायकली, बैलगाड्या, डोक्यावर ओझे असलेल्या बाया: प्रत्येकाचा वेगळा रकाना. मध्येच गणाजी धनगर कळप घेऊन आला आणि सगळे रकाने विस्कटले.

गणाजीने हा काय प्रकार म्हणून विचारले. सरांनी त्याला ट्राम समजावून सांगितली. आराखडा उलगडून दाखवला. जिल्ह्यातल्या एकाही अधिकाऱ्याने तो एवढ्या लक्षपूर्वक पाहिला नव्हता.

"मेंढरं बसतील का तिच्यात?" गणाजीने विचारले.

सरांनी पेन्सिल काढली, आराखड्यात मागे एक डबा वाढवला आणि म्हणाले, "आता बसतील."

त्या दिवसापासून गणाजी आमच्या बाजूचा झाला. पुढे निवेदनासाठी मी ट्रामला 'लघुलोहपथ' असा प्रतिशब्द योजला, तेव्हा सरांनी तो आदराने दोनदा वाचला आणि गणाजीसाठी साध्या बोलीतली एक प्रतही काढायला सांगितली.

*

प्राचार्यांची शंका विजेबद्दल होती. वीज गेल्यावर ही गाडी ओढणार कोण? सरांनी वाद घातला नाही. ते आम्हा सर्वांना एका जिनिंगमध्ये घेऊन गेले. तिथे कापसाच्या गाठी हलवण्यासाठी रूळ घातलेले होते आणि त्यांवर एक लोखंडी ढकलगाडी होती.

प्राचार्य देहाने भारदस्त. सरांनी त्यांना नम्रपणे गाडीवर बसवले आणि सुशीलेला एका हाताने ढकलायला सांगितले.

ती संकोचली. मग तिने तळहात टेकवला, आणि गाडी निघाली! प्राचार्य प्रथम हसले, नंतर त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली. रुळांवर घर्षण किती कमी असते हे सर आम्हाला समजावून देत होते. गाडी थांबवायची कशी, याचा विचार मात्र भूगोल आणि संस्कृत या दोन्ही विभागांनी केलेला नव्हता. रूळ संपले तिथे सुट्या कापसाचा ढीग होता.

ढिगातून प्राचार्य उठले. भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा पुसला, निवेदन मागितले आणि सही केली.

"ब्रेकचा उल्लेख करा," एवढेच म्हणाले.

*

निवेदन गेले, पण त्याची पोचसुद्धा आली नाही. सर खचले नाहीत. लोक ठरावीक जागी येऊन उभे राहतात की नाही, एवढे तरी पडताळून पाहावे, असे त्यांनी ठरवले. मैदान आखण्याचा चुना घेऊन त्यांनी फाटकासमोर दोन रेषा ओढल्या, एक दगड रंगवला आणि फलक रोवला: 'थांबा क्रमांक १'.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गणाजी उभा होता. त्याच्या मागे आणखी सातआठ जण.

पुसेगावची बस आली. चालकाने फलक पाहिला, रांग पाहिली आणि बस थांबवली. नंतर आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "काल नव्हता, आज हाय. वरून हुकूम आला असंल, म्हनलं."

त्या सकाळी मी सुशीलेचे नाव उच्चारले ते सवयीने, उत्तराची अपेक्षा न ठेवता. "हजर," असा आवाज आला. सवयीने मारलेली गैरहजेरीची खूण मला खोडावी लागली.

*

दोन महिने असे गेले. हजेरीचा हिशेब काठावर आला होता. आणखी पंधरवडा बस थांबली असती तर अर्ज जाणार होता. नेमक्या तेव्हाच एक तपासणी अधिकारी त्या बसमधून आले. पुढच्याच बाकावर बसले होते. खिल्लारे सर आणि मी फाटकापाशी होतो. बस थांबली, सुशीला उतरली, आणि अधिकाऱ्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढून हा थांबा कुणी मंजूर केला असे विचारले. हातात वही, पेन उघडे.

चालकाने माझ्याकडे पाहिले. मी खिल्लारे सरांकडे. सरांना खोटे बोलता येत नसे, म्हणून ते रंगवलेल्या दगडाकडे पाहू लागले. सुशीला फाटकातच थबकली.

अधिकाऱ्यांनी रांगेतल्या पहिल्या माणसाकडे पाहिले. "बाबा, तुम्ही इथं काहून उभे?"

"ट्रामची वाट पाहून राहिलो," गणाजी म्हणाला.

"ट्राम? हिंगोलीत? कधी येणार?"

"येईल की. सरांनी रेघा मारल्या न्हाईत का?" गणाजीने पायाखालचा पुसट चुना दाखवला आणि पायरीवर पाय ठेवला. "तवरक तुमच्या मोटारीनं जातो."

अधिकाऱ्यांनी त्या दोन रेषा पाहिल्या. मग त्यांनी पेनला टोपण लावले आणि बाकावर थोडे आत सरकले.

"बसा बाबा," ते म्हणाले, "ट्राम येईपर्यंत."