मशेरीच्या डबीसारखी फिरलेली ट्यूब

निपाणीत तंबाखूच्या वखारीची बाई रस्त्यानं चालली की लांबून ओळखू येते. तोंडाला फडकं, उघडे ते फक्त डोळे. तंबाखूचा खकाणा, ती झोंबणारी बारीक धूळ, नाकातोंडात जाऊ नये म्हणून बांधलेलं ते फडकं संध्याकाळी काम सुटलं की बायका ओढून काढतात, झटकतात आणि दणकून शिंकतात. सुला काढत नव्हती. रस्त्यात नाही, घरी गेल्यावरही नाही. जेवायला बसली की फडकं हनुवटीखाली, जेवण झालं की पुन्हा नाकावर. तिची आई यशोदाबाई वैतागून म्हणायची, “अगं, मीच जन्माला घातलेलं तोंड हाय ते. मला तरी दावशील का न्हाय?”

सुलाच्या तोंडावर मुरमं होती. पुस्तकात त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला त्या कधी आल्या नसणार. वयात आलं की येतात आणि जातात, असं सगळे सांगायचे. सुलाची विशी सरली तरी गेली नव्हती. गालावर, कपाळावर, हनुवटीवर गाठीच्या गाठी. एक बसली की शेजारी दुसरी उठायची आणि बसलेलीच्या जागी काळा डाग, नाहीतर खड्डा. हळद झाली, चंदन झालं, कडुलिंबाचा पाला वाटून झाला. कुणी दात घासायची पेस्ट लावायला सांगितली, तीही लावली. गल्लीतल्या एका शहाणीनं गोरं होण्याचं मलम दिलं. त्यानं महिनाभर तोंड गुळगुळीत झालं आणि मलम सोडल्यावर असं फुटलं की पोरगीनं आरसाच उलटा करून ठेवला.

१९८५ साल. आमच्या वखार कामगारांच्या संघटनेनं बायकांसाठी ग्राहक भांडार काढायचं ठरवलं होतं. किराणा, रॉकेल, साबण, पोरांच्या वह्या. वखारीच्या बायकांचं स्वतःचं दुकान, आणि गल्ल्यावर बसणार तीही वखारीचीच बाई. दहावी पास अशी आमच्यात सुलाच. हिशेबाला चोख, कन्नड-मराठी दोन्ही वाचणारी. वखारीतलं काम सोडून मी संघटनेचं काम बघायची; तिचं नाव मीच सुचवलं. कमिटीचे मारुतीराव म्हणाले, “पोरगी हुशार हाय, पण आक्का, दुकान म्हंजे दुकान. गिऱ्हाईक आधी तोंड बघतंय.”

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण हे सुलाच्या कानावर गेलं. ती माझ्याकडं आली, फडक्याआडनंच म्हणाली, “आक्का, मला त्या खकाण्यातनं बाहेर पडायचंय. आईची छाती बघताय न्हवं, भात्यागत वाजतीया. मला तसलं व्हायचं न्हाय. पण मारुतीअण्णा खोटं बोलत न्हाईत. हे तोंड घेऊन मी गल्ल्यावर न्हाय बसणार.”

दुकान दसऱ्याला उघडणार होतं. नागपंचमी नुकतीच झाली होती. मी तिला बसमध्ये घातलं आणि बेळगावला टिळकवाडीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी फडकं काढायला लावलं, खिडकीजवळ बसवलं आणि कितीतरी वेळ बघितलं. नाक मुरडलं नाही. मग एक बारकी ट्यूब पुढं ठेवली.

“हे व्हिटॅमिन ए पासून केलेलं औषध आहे. आपल्याकडं अजून फार कुणी वापरत नाही. रात्री साध्या साबणानं तोंड धू, पुरतं कोरडं होऊ दे, मग वाटाण्याएवढं घे. सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं, एकेका फोडाला नव्हे. सुरुवातीला एक दिवसाआड. लाल होईल, आग होईल, साल निघेल. मुरमं आधी वाढल्यासारखी दिसतील. तिथंच लोक घाबरून सोडतात. तू सोडू नकोस. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. लग्न झालंय? नाही? बरं. पोटुशी बाईनं हे लावायचं नसतं. आणि हे लावत असताना उन्हात फिरायचं नाही.”

सुला म्हणाली, “डॉक्टरीणबाई, उन्हात न्हाय गेले तर खाऊ काय?”

बाईंनी तिच्या मांडीवरच्या फडक्याकडं बोट केलं. मग म्हणाल्या, “तुझं ते फडकं उन्हात बांध. घरात सोड. एवढं केलंस तरी पुरे.”

परतीच्या बसमध्ये सुला खिडकीबाहेर बघून हसत होती. डोळ्यांवरनं कळत होतं.

डॉक्टरीणबाई बोलल्या तसंच झालं. आधी आग, मग लाली, मग नाकाच्या बाजूनं पापुद्रे सुटायला लागले. मुरमं दबायची तर नवीच उगवली. यशोदाबाई घाबरली. “फेक ती गटारात! तोंड सोलून काढलंस गं बये!” शेजारणी येऊन उष्णतेचं, नजरेचं, भाऊबंदांच्या करणीचं सांगून गेल्या. आई ट्यूब टाकून देईल म्हणून सुला ती कनवटीला लावूनच वखारीत जायला लागली. आणि तिथंच घोळ झाला.

आमच्या वखारीची एक रीत आहे, ती बाहेरच्याला कळायची नाही. दुपारच्या सुट्टीत बायका मागच्या पत्र्याखाली ओळीनं बसतात. भाकरी खायची, मग मशेरीची डबी निघते. डबी एकीची, मशेरी सगळ्यांची. बोट बुडवायचं, डबी पुढं द्यायची. चटणी असो, लोणचं असो, नवऱ्याचा मार असो, त्या ओळीत कुणी काही एकटीनं ठेवत नाही. ठेवलं तर ती आमच्यातली नाही.

एके दिवशी सुला भाकरीला बसताना कनवटीची ट्यूब खाली पडली. शेजारी गुणाबाई. ओळीतली सगळ्यात थोरली, तोंडानं फटकळ, आणि मशेरीची डबी तिचीच.

“हे काय गं?”

“औषध हाय, मावशी. तोंडाचं.”

गुणाबाईनं सुलाच्या गालाकडं निरखून बघितलं. पापुद्र्याखाली नवी कातडी गुलाबी दिसत होती. “अगं बया, सापागत कात टाकतीस की! आणि एकटीच? आम्ही काय म्हातारपणीच सुंदर व्हायचं?”

“मावशी, ते रातचं लावायचं असतंय. आणि एवढुसं…”

“बघा गं बायांनो, हिला एवढुसं द्यायला जीव जातोय!”

सगळी ओळ हसली. सुलानं ट्यूब सोडली. पोरगी लहानपणापासून त्याच ओळीत, त्याच डबीत बोट बुडवून वाढलेली. गुणाबाईनं बोटभर मलम घेतलं, ट्यूब पुढं दिली. पुढचीनं घेतलं, तिच्या पुढचीनं घेतलं. मशेरी घासतात तसं बायकांनी ते गालावर घसाघसा घासलं. सुट्टी संपली आणि सगळ्या अंगणात तंबाखू पसरायला गेल्या, भर उन्हात. त्या दिवशी फडकी बांधली नाहीत. औषध पुसलं जाईल म्हणून!

दोन दिवसांनी वखारीत हाहाकार. कुणाचे गाल टोमॅटोसारखे, कुणाचं कपाळ सोललेलं, गुणाबाईची हनुवटी तर चुलीवर धरल्यासारखी. मुकादम लांबनंच ओरडला, “रोग आलाय रोग! घरला जावा, बरं झालं की या!” रोजगार बुडणार म्हटल्यावर बायकांनी मला बोलावलं. मी तोंडं बघितली आणि माझं डोकं फिरलं. मालकानं तंबाखूवर कसलंतरी औषध मारलं असणार, दुसरं काय? मी तिथंच फाटकात उभं राहून सांगितलं, “चला ऑफिसावर! ही तोंडं त्याला दाखवू. भरपाई घेतल्याबिगर उठायचं न्हाय!”

बायका उठल्या. घोषणा सुरू झाली. सुला गर्दीत सगळ्यात मागं होती. ती तशीच मागं राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बायकांनी फासलेलं मलम त्या स्वतःच विसरल्या होत्या. हसत-खिदळत लावलेली गोष्ट, कुणाच्या ध्यानात राहते? आणि मालकाला दोन शिव्या जास्त पडल्या असत्या तर त्याचं काय झिजलं असतं?

पण ती पुढं आली, माझा हात धरला.

“आक्का, थांबा. मालक न्हाय. माझी ट्यूब हाय ती.”

घोषणा थांबली. मला आधी कळेना. मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, ट्यूब कुठली, कुणी दिली, कशी लावायची असते आणि दुपारी पत्र्याखाली काय झालं. फडकं बांधलेलं होतं, पण शब्द एकही गाळला नाही.

गुणाबाई भडकली. “आधी का न्हाय बोललीस, भवाने?”

“बोलत होते मावशी. तुम्ही ऐकलं न्हाईत.”

“वर तोंड करून मलाच सांगतीस?”

बायका शिव्या देत पांगल्या. मारुतीरावांना बातमी पोचायला कितीसा वेळ? गल्ल्याची गोष्ट संपली, असंच मी धरून चालले. सुलाही तसंच धरून होती. तरी ती घरी जाऊन रडत बसली नाही. त्याच संध्याकाळी ती घरोघर फिरली. दार आपटणाऱ्या बायकांच्या दारातही उभी राहिली. गार पाण्यानं धुवा, घासू नका, खोबरेल लावा, उन्हात जाताना फडकं बांधा, ते मलम परत लावू नका, चार-आठ दिवसांत बसतंय. बाहेरनंच ओरडून सांगायची आणि पुढच्या दाराला जायची.

मालूच्या दारात मात्र ती आत गेली. मालू पोटुशी होती आणि तिनंही बोट लावलं होतं. सुलानं तिला दुसऱ्या दिवशी बेळगावला नेलं. बसमध्ये मालू पोटावर हात धरून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “एकदाच, तेही बोटभर. घाबरायचं कारण नाही. पुन्हा हात लावू नको म्हणजे झालं.” बाहेर आल्यावर मालू पायरीवर बसून रडली आणि मग म्हणाली, “मला भजी खाऊ घाल.” माघात तिला पोरगी झाली, गुटगुटीत.

रिकाम्या झालेल्या ट्यूबच्या जागी डॉक्टरीणबाईंनी सुलाला दुसरी दिली. “आता ही कुठं ठेवणार?” सुला म्हणाली, “आईजवळ.” आणि खरंच यशोदाबाईच्या हातात देऊन म्हणाली, “तूच रातचं काढून दे. वाटाण्याएवढं. जास्त मागितलं तरी देऊ नको.” तेव्हापासून आईच पहारेकरी झाली. साल निघाली की तीच शेजारणींना सांगायची, “निघूंद्या की! निघायचीच असतीया ती!”

दसऱ्याआधी समाजमंदिरात बैठक बसली. वखारीच्या बायका सगळ्या आल्या, बहुतेकींच्या तोंडाला फडकी. मारुतीराव उभे राहिले. “सुलाबद्दल मला काही म्हणायचं न्हाय. पण परवा काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आणि तोंडाचं म्हणाल तर अजून सोलतंय. गिऱ्हाईक बघून परत जाईल. निपाणीच्या बाजारात दुकानं काय कमी हायत?”

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण गुणाबाई माझ्या आधी उठली. मला वाटलं, संपलं.

“अण्णा, गिऱ्हाईक म्हंजे कोण?”

“कोण म्हंजे? गिऱ्हाईक.”

“बोरगावचं सावकार येणार हायत व्हय आमच्या दुकानात? दुकान आमचं, गिऱ्हाईक आम्हीच. मग बघा की एकदा गिऱ्हाइकाचं तोंड!” आणि तिनं फडकं खाली ओढलं. हनुवटीला अजून खपली होती. तिनं ओळीकडं वळून हाक दिली, “काढा गं!”

एकेकीनं फडकं काढलं. कुणाच्या गालाला पापुद्रा, कुणाच्या कपाळाला ठिगळ, कुणाचं नाक दोन रंगांचं. मारुतीराव खाली बघायला लागले.

“आता सांगा,” गुणाबाई म्हणाली, “कोण कुणाला बघून परत जातंय? आणि ऐका. परवा फाटकात खोटं बोलायची सोय होती. ही आक्का तर तयारच होती मालकाला गाडायला. पोरगी बोलली न्हाय खोटं. शिव्या आम्ही घातल्या, त्या तिनं उभं राहून खाल्ल्या. माझी साखर हिच्याच हातनं मोजून घेणार मी. दुसरं कुणी बसलं तर मी नाक्यावरच्या दुकानात जाईन.”

हशा झाला, टाळ्या झाल्या. हात वर करायला सांगायची गरजच पडली नाही, ते आधीच वर होते. सुलानं फडकं काढलं नव्हतं. मालू तिच्या मागं बसली होती, तिनं मागनं गाठ सोडली. फडकं मांडीवर पडलं. सुलानं ते उचलून घडी घातली आणि बाजूला ठेवलं. लगेच हसायला तिला जमलं नाही. गाल अजून हुळहुळत होते.

त्या दिवशी तिचं तोंड काही गुळगुळीत नव्हतं. पण जवळनं बघणाऱ्याला कळत होतं, नवं मुरूम उगवायचं थांबलं होतं. संक्रांतीपर्यंत गाठी बसल्या, डाग फिकट झाले. खड्डे राहिले, ते अजून आहेत. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं आणि सुलानं त्याचं कधी दुःख केलं नाही.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, सकाळी बुद्धवंदना झाली आणि दुकान उघडलं. गर्दी एवढी की मी बाहेरच उभी राहिले. आतनं पहिलं भांडण ऐकू आलं ते शेंगदाण्यावरनं. गुणाबाईच.

“हे काय माप झालं? वरती ढीग कर की गं!”

“ढीग घरी करा मावशी. इथं तराजू हाय.”

“तोंड लई चालायला लागलं गं तुझं!”

“आता उघडंच हाय, चालणारच की. व्हा बाजूला, मागं रांग लागलीया!”

मागच्या बायका खिदळल्या. गुणाबाई शेंगदाण्याची पुडी छातीशी धरून बाहेर आली आणि मला म्हणाली, “लई उर्मट हाय पोरगी, आक्का.” एवढं बोलून तिनं पुडी सोडली, एक दाणा तोंडात टाकला आणि मला चार दिले.