पाणी पिणाऱ्या गोळ्या

आमच्या घरात मडकी होत, घागरी होत, संक्रांतीला सुगडं होत. मी सून होऊन कल्याणला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मात्र आम्ही गोळ्या करू लागलो. लिंबाएवढ्या, मातीच्या, भाजलेल्या. खाडीच्या काठाला एका साहेबाने कारखाना घातला होता, तिथे त्या जात. मिठागरातलं मीठ आणि तेजाब एकत्र तापवलं की वाफ निघते. ती एका उंच बुरुजातून सोडत, आणि तो बुरूज आमच्या गोळ्यांनी गच्च भरलेला असे. गोळ्या आधी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात भिजवत. त्यांच्यामधून गेली की त्या वाफेचं हिरवट पिवळं वारं होई, आणि त्याने गिरणीचं कापड पांढरं होई. कसं होई ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ठाण्याला मुलींच्या शाळेत माझे वडील पाणी भरत, म्हणून मला चौथीपर्यंत बसायला मिळालं. तिथेही मी विचारणाऱ्यांतली नव्हते.

पहिला माल परत आला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकेक गोळी गेरू लावून, गारगोटीने घोटून आरशासारखी केली होती. कुंभाराच्या घरातून खडबडीत जिन्नस बाहेर कसा पाठवायचा? पण घोटलेली गोळी निळं पाणी पीतच नव्हती. कारखान्याच्या मुकादमाने टोपल्या अंगणात आणून ओतल्या.

"म्हातारे, ह्या काय नवरीच्या गळ्यात घालायच्या आहेत? पाणी प्याली पाहिजे गोळी, पाणी!"

"मडकं पाझरलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं," आत्याबाई म्हणाल्या, "आणि तुमच्या साहेबाला पाझरणारंच हवं. उद्या म्हणेल, भोक पडलेली घागर आण."

मग आम्ही मातीत भाताचं तूस मळू लागलो. भाजताना तूस जळून जाई आणि गोळीत बारीक पोकळ्या राहात. अशी गोळी पाण्यात टाकली की बुडबुडे सोडत पोटभर पिई. साहेब खूश झाला. आणखी तूस घाला, असा निरोप आला. घातलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यातली एक गोळी टाचेखाली धरून जोर दिला, तर तिचा भुगा झाला. तरी साहेबाचा निरोप, म्हणून त्यांनी टोपल्या भरल्या.

मला तेव्हापासून धास्ती बसली. बुरुजात खालच्या गोळ्यांवर वरच्या सगळ्यांचा भार. खालच्या चुरल्या की वाफेची वाट बंद. मग बुरूज निववायचा आणि कुणीतरी खालच्या दारातून आत शिरून चुरा ओढून काढायचा. आमच्या आधी तिथे विटांचे तुकडे भरत, तेव्हा एक आगरी गडी असा आत शिरला होता. बाहेर आला तो खोकतच. त्याची बायको आमच्याकडे घागरी घ्यायला येई. ती एकदा म्हणाली, "घो माझा आता टाळी वाजवून बोलावतो मला." त्याचा आवाज परत आलाच नाही.

आमच्या गोळ्यांनी बुरूज तुंबला तो उन्हाळ्यात. "तुमच्या गोळ्या, तुम्हीच काढा," मुकादम ओट्याशी उभा राहून म्हणाला. घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चाक थांबवलं, हात धुतले आणि पंचा खांद्यावर टाकला. जाऊ नका, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ओट्यावर मामंजी, समोर परका माणूस. त्यांच्यादेखत नवऱ्याशी बोलायची माझी छाती झाली नाही. मी चुलीतली लाकडं उगाच पुढे-मागे करत राहिले.

चुरा वाहायला आत्याबाई आणि मी मागून गेलो. बुरुजाचं दार म्हणजे जमिनीलगतचं एक भोक. आग विझवून बरेच दिवस झाले होते, तरी वास नाकात सुईसारखा शिरे. घरच्यांनी तोंडाला ओला पंचा बांधला, कमरेला दोर. दोराचं टोक मामंजींच्या हातात. ते पालथे होऊन आत सरपटले. आधी डोकं गेलं, मग तळवे दिसेनासे झाले.

आतून टोपली भरून सरके, आम्ही ती ओतून परत सारू. चुरा निळसर होता, बोटांना झोंबे. आत खोकला आला की मी जागच्या जागी थांबे, आणि खरवडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला की श्वास घेई.

मग टोपल्यांत नुसता चुरा येऊ लागला. वरून गोळ्या खाली सरकतच नव्हत्या. मामंजींचा चेहरा उतरला. आव्यात, म्हणजे आमच्या भट्टीत, कधी असं होतं. खालचं जळण जळून जातं, तरी वरची मडकी एकमेकांच्या खांद्यावर अधांतरी बसून राहतात. अशा वेळी बांबूने हलवून पाडल्याशिवाय आमच्यात कुणी हात घालत नाही. इथे तर माणूस खाली होता.

"बाहेर ये," मामंजी दाराशी वाकून हळूच म्हणाले. मोठ्याने बोलायचीही त्यांना भीती वाटत असावी.

"थोडा राहिलाय, बाबा. एवढा काढून येतो."

"आधी ये म्हणतो ना!"

मुकादम हसला. "म्हातारा घाबरला. पोरगा मर्द आहे, करू द्या त्याला."

हे ऐकल्यावर घरचे कसले येतात! खरवडणं आणखी जोरात सुरू झालं. मामंजींनी दोर ओढला, तो आतून ओढून धरला गेला. वर कुठेतरी टक्‌ असा आवाज झाला. एकच.

तेवढ्यात आत्याबाई किंचाळल्या, "पोरा, धाव रे! तुझी बायको पडली!"

मी डोक्यावर टोपली घेऊन चांगली उभी होते. त्या माझ्याकडे वळून दात आवळून म्हणाल्या, "पड ना गं, मेले!"

मी पडले. टोपली कुठे, पदर कुठे, काही भान राहिलं नाही. कधी कुणाच्या समोर मान वर केली नव्हती, ती मी कारखान्याच्या दहा गड्यांसमोर धुळीत आडवी. डोळे मिटावेत तर दार दिसणार नाही, म्हणून उघडेच ठेवले. दोर ढिला पडला. दारात दोन हात दिसले, मग चुऱ्याने माखलेलं डोकं. मामंजींनी दंडाला धरून त्यांना बाजूला फरफटत नेलं, आणि लांब बांबू दारातून वर खुपसला.

आधी काहीच झालं नाही. एक गोळी गडगडत बाहेर आली. मग मडक्यांनी भरलेली गाडी उलटावी तसा आवाज झाला आणि दारातून धुळीचा लोट उसळला. मुकादम उलट्या पावली पळाला. धूळ बसली तेव्हा दार दिसतच नव्हतं. गोळ्या आमच्या पायांपर्यंत आल्या होत्या.

घरच्यांनी तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आईबापांसमोर ते कधी माझ्याशी बोलत नसत.

"लागलं का तुला?"

"काही लागलेलं नाही तिला," आत्याबाई म्हणाल्या, "मीच पडायला सांगितलं. ऊठ गं आता. पुरे झालं सोंग."

मला उठायचं होतं. हात टेकवले, पण उठताच येईना. लोक पाहात होते, पदर सावरायचा होता, तोही हाताला लागेना. "अगं ऊठ की," आत्याबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्या खाली बसून माझ्या तोंडावरची धूळ पुसू लागल्या.

शेवटी घरच्यांनीच मला दंडाला धरून उभं केलं. पदरही त्यांनीच माझ्या डोक्यावर ओढला, आईबापांसमोर.