पान अकरा पाहावे

शेलूबाजारच्या टिनाच्या शेडमध्ये ऑईल इंजिन दुरुस्तीचा वर्ग निघणार होता आणि त्याची पुस्तिका टाईप करायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं होतं. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या वावरात जाणारे. टेबल-खुर्चीची नोकरी लागलेली घरात मी पहिलीच. तीही सहा महिन्यांची, आणि सहावा महिना चालू होता. "वर्गाआधी पुस्तिका नीट निघाली तर तुमची मुदतवाढ मागतो," साहेब म्हणाले होते. नाही निघाली तर काय, ते न सांगताही कळत होतं.

सायक्लोस्टाईलचं काम ज्यानं केलं नाही, त्याला माझा संताप कळायचा नाही. टाईपरायटरची फीत बाजूला सारून मेणकागदावर अक्षरं ठोकायची, मग त्यावरून शाईनं प्रती काढायच्या. एक चुकलं की त्यावर लाल औषध लावून फुंकर मारत बसायचं. बावीस पानं अशी मरमरून झाली की साहेब यायचे, "बाई, पाचव्या पानावर एक परिच्छेद राहिलाच की!" तो घुसवला की पुढचा सगळा मजकूर सरकायचा. आणि पुस्तिकेत तर पावलोपावली 'पान नऊ पाहावे', 'पान अकरा पाहावे'. सगळे आकडे खोटे ठरायचे. तीन वेळा मी ते मेणकागद फाडले. तिसऱ्या वेळी रडले, आणि रडू आलं म्हणून स्वतःवरच चिडले.

चौथी प्रत तपासायला मिस्त्रीचाचा आले. वर्ग घेणार तेच होते. हात पक्का, पण वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी तसं इंजिन खोलायचं असं ठरलं. मी वाचलं, "नोझल काढण्यासाठी पान अकरा पाहावे." पान अकरा काढलं. तिथं होतं, "टाकी पाण्याने काठोकाठ भरावी."

चाचांनी पकड खाली ठेवली. ते हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

"बाई, हे नंबर कायले मोजून राह्यल्या तुमी?" त्यांनी पोत्यावर मांडलेले सुटे भाग दाखवले. "हे पाहा. इकडचा पुर्जा तिकडं सरकला तरी मी त्याले नावानंच वळखतो. नोझल पाहा म्हणा ना! जिथं असन तिथं सापडन."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पोत्यापाशी बसलेल्या माणसाला जे दिसत होतं, ते खुर्चीवर बसून मला दिसलं नव्हतं. पाचव्यांदा बसले. प्रत्येक पुर्ज्याला वेगळं पान, डोक्यावर ठळक नाव, खाली जागा मोकळी. आणि मजकुरात सगळीकडे 'नोझल पाहावे', 'टाकी पाहावी'. साहेबांनी सवयीप्रमाणे आणखी दोन परिच्छेद आणले. मी ते मोकळ्या जागेत टाकले आणि काहीच बिघडलं नाही. वर्गाच्या आदल्या दिवशी पुस्तिका शिवून तयार होती. चाचांनी तिच्यावरून इंजिन खोललं, परत बसवलं, आणि ते पहिल्या हँडलला सुरू झालं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोकळेपणानं हसले.

आठवड्यानं माझ्या नावाचा लिफाफा आला. उभ्यानंच फोडला. मुदतवाढ मंजूर होती. खाली एकच ओळ होती: 'कालावधी व अटींसाठी पान दोन पाहावे.'

मी लिफाफा उलटा करून झटकला, आत बोट घालून पाहिलं. पान एकच होतं.